आमच्या घरातला वेगळा गिलास

माझी बायको गेली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक गिलास वेगळा ठेवलेला होता. तो सुनेसाठी होता आणि तिथं मीच ठेवला होता. बायकोत जीव होता तोवर ती मला सांगत राहिली, तो तिथून काढा. मी काढला नाही. आता ती सून या घरात पुन्हा पाय ठेवते की नाही, हे माझ्या हातात राहिलेलं नाही. कसं झालं ते सांगतो. स्वतःची बाजू घेणार नाही. घेण्यासारखी बाजूच नाही.

मी सारी उमर नागपूरच्या स्टेशनवर ऑटो चालवला. संत्रा मार्केटकडच्या दाराशी आमचा स्टँड. आपलं गाव मधोमध, म्हणून दिल्लीकडची गाडी इथूनच जाते आणि मद्रासकडचीही इथूनच. दोन्हीकडची माणसं उतरायची आणि आम्ही ऑटोवाले त्यांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांना ओळखून बसलेलो. वरचा म्हणजे आवाज मोठा, सामान जास्त, ऑटोत बसला की पिचकारी मारणार. खालचा म्हणजे कपाळावर पट्टा, डब्यात दहीभात, अख्ख्या रस्त्यानं तोंडातून शब्द नाही. वरच्या सगळ्यांना आम्ही यूपीवाले म्हणायचो, मग तो राजस्थानचा का असेना. खालचे सगळे मद्रासी. स्टँडवरचा एक दोस्त म्हणायचा, "वरचा बोलून बोलून डोकं खाते, आन् खालचा न बोलता." आम्ही हसायचो. आपण मधले, म्हणून आपल्याला दोन्हीकडचं समजते, अशी एक मस्ती होती अंगात. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माणसांच्या बाबतीत स्वतःला मॅट्रिक पास समजायचो.

एकदा भर उन्हाळ्यात मद्रासच्या गाडीतून एक म्हातारा उतरला. कपाळावर राखेचे तीन पट्टे, खांद्यावर पंचा. माझ्या ऑटोच्या काचेवर निळा झेंडा लावलेला असायचा. बर्डीच्या बाजाराकडे जाता जाता त्याला घेरी आल्यासारखं झालं. मी ऑटो झाडाखाली घेतला आणि माझी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं बाटली तोंडापासून वीतभर वर धरली आणि धार सरळ घशात सोडली. ओठ लावला नाही. बाटली परत देताना दोन्ही हातांनी दिली, मान खाली लववली, पण तेवढं मी पाहिलंच नाही. मी पाहिले ते फक्त त्याचे न टेकलेले ओठ. झेंडा पाहून तोंड लावलं नाही त्यानं, असं मी धरलं. स्टँडवर येऊन सगळ्यांना सांगितलं, "हे मद्रासी सारे बामन असते. अजून शिवाशिव पाळते." कोणी म्हटलं नाही की तुले कसं माहीत. तेही माझ्याइतकेच हुशार.

मला ते इतकं का लागलं, तेही सांगायला पाहिजे. लहानपणी माझी माय काटोलकडच्या बागेत संत्र्याच्या तोडीला जायची आणि मी तिच्यामागं. दुपारी मालकीण पाणी पाजायला यायची. माय खाली उकिडवी बसून ओंजळ करायची आणि मालकीण उभ्यानं, वरून, तांब्यातून धार सोडायची. अर्धी धार ओंजळीत, अर्धी मायच्या लुगड्यावर. छप्पनला आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती, आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्या बागेपर्यंत ते पोचायचं होतं. माय पाणी प्यायची आणि तेच ओले हात माझ्या तोंडावरून फिरवायची. ते पाणी गार लागायचं. मोठं झाल्यावर समजलं ते काय होतं. तेव्हापासून वरून पडणारी धार दिसली की माझं डोकं फिरते.

मुलगा आयटीआय करून मद्रासजवळ गाड्यांच्या कारखान्यात लागला. एक दिवस त्याचा फोन आला.

"बाबा, मी लग्न करून राहिलो."

"कोनाशी?"

"इथलीच आहे. माझ्यासंगच कामाले आहे."

"मद्रासी?"

"तमिळ, बाबा."

"तेच ना मग."

"बाबा, ते आपल्यासारखेच लोक आहेत."

मला वाटलं, माझी समजूत घालतोय. म्हटलं, "आपल्यासारखे कसे असतीन गा? आमी पाहिले नाही का मद्रासी?" तो पुढं सांगायला गेला असता, पण मी फोन बायकोच्या हातात दिला. लग्नाला गेलो नाही. बायकोला दम लागत होता हे कारण सांगितलं. खरं कारण माझा फुगलेला थोबडा.

पुढं बायकोचं हृदय अजून कमजोर झालं. पाय सुजायचे, झोपलं की श्वास कोंडायचा. डॉक्टरनं पाणी मोजून द्यायला सांगितलं, कारण पाणी अंगातच साचत होतं. मुलगा सुनेला घेऊन आला आणि त्याला सुट्टी नव्हती म्हणून परत गेला. सून थांबली. बिनपगारी रजा काढून थांबली. मी मनात म्हटलं, हिच्यानं काय होते.

तिच्या सामानात तांदळाची एक मोठी थैली होती. उकडा तांदूळ, जाडा, लालसर. बायकोनं पलंगावरून विचारलं, "हे काय आनलं वं पोरी?"

सून तुटकी हिंदी बोलायची, मधे मधे तिची भाषा. मी ते आपल्या भाषेत लिहितो. ती म्हणाली, "अम्मानं दिला. म्हणाली, तिकडे नॉर्थमध्ये भात नसतो, नुसती चपाती. तू उपाशी राहशील."

बायको हसली आणि हसता हसता तिला खोकला लागला. "तुया मायले सांग, भंडाऱ्याकडे येऊन पाह्य म्हनाव. नुसतं धानच धान. आन् आमी नॉर्थचे नाही वं, आमी मराठी."

"अम्मा म्हणते, हैद्राबादच्या वरचे सगळे एकच. सगळे हिंदीवाले."

"घ्या," बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् आमचे हे म्हनते का हैद्राबादच्या खालचे सारे एकच. लावून देऊ का दोघाईची जोडी, तुया मायची आन् याईची?"

सुनेला अर्धंच समजलं, पण ती तोंडावर पदर घेऊन हसली. मी हसलो नाही. मी, ज्यानं जन्मभर यूपीवाल्यांना शिव्या घातल्या, तो तिच्या मायच्या हिशोबात यूपीवाल्यांच्याच गाडीत बसलेला होतो. हे मला अपमानासारखं वाटलं. त्यात शिकण्यासारखं काही होतं हे वाटलं नाही.

ती बायकोला "अत्तै" म्हणायची, म्हणजे आत्या, आणि मला "मामा". बायकोला मोठं नवल. माझ्या मायच्या काळात आमच्याकडच्या सुनाही सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामाजी म्हणायच्या. बायको म्हणाली, "पाहा, आपलीच रीत आहे." मी म्हटलं, "कोनाचीही असू शकते." मी ठरवूनच बसलो होतो.

ती आल्यापासून मी घरात मटण आणणं बंद केलं. सुकटाचा डबासुद्धा वर माळ्यावर टाकला. बामनाची पोरगी, तिला वास नको. रोज वरण-भात, वांगं, फुलगोबी. मी ते तिच्यासाठी करत होतो आणि तिच्यावरच चिडत होतो, की हिच्यापायी माझ्या तोंडाची चव गेली. एका रविवारी शेजाऱ्यांकडून मटणाचा वास आला. ती बायकोच्या पलंगाशी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "अत्तै, आपल्याकडे कधी?"

बायकोनं मला हाक मारली. "अहो, मटन आना. पोरगी कवाची वाट पाहून राहिली आन् तुमी तिले गोबी चारून राहिले."

मी आणलं. सुनेनं रस्सा स्वतः केला, नारळ आणि मिरे घालून. हाडाची नळी फोडून चोखून खाल्ली, माझ्याहून साफ. शहाण्या माणसाचे तिथंच डोळे उघडले असते. मी मनात म्हटलं, कारखान्यात जाऊन बिघडली असन.

मग ते पाण्याचं दिसलं. बायकोचं औषध, तिचं अंग पुसणं, सगळं ती करायची, पण पाणी प्यायला मात्र उठून आत जायची. आमच्यासमोर प्यायची नाही. एका दुपारी मी मागच्या दारातून आत आलो तर ती स्वयंपाकघरात दाराच्या आड उभी. गिलास तोंडापासून वर धरलेला आणि धार घशात. ओठ लावला नाही. गिलास विसळून जागेवर ठेवला आणि बाहेर गेली.

माझ्या डोळ्यांसमोर तो पट्टेवाला म्हातारा आला. मालकीण आली. मायचं ओलं लुगडं आलं. मला वाटलं, आता धरलं हिला. आमच्या घरात राहते, आमचं खाते, आणि आमच्या भांड्याला तोंड लावत नाही. वर लपून करते.

बोलून विचारता आलं असतं. बायको तिकडं जागीच होती, मुलाला फोन होता. मी विचारलं नाही. मी बर्डीला गेलो, स्टीलचा एक नवा गिलास आणि एक छोटा लोटा घेतला. घरी येऊन फळीच्या टोकाला, बाकी भांड्यांपासून दूर ठेवला. सुनेला बोलावलं आणि बोट दाखवून हिंदीत सांगितलं, "ये तेरा. इसीमे पीना. हमारे बर्तन को हाथ मत लगाना." तिला तिच्याच रीतीनं धडा शिकवतोय असं मला वाटत होतं. तुला आमचं चालत नाही ना, मग घे, आम्हालाही तुझं चालत नाही.

ती गिलासाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी एकदम बंद झालं, दुकानाचं शटर ओढावं तसं. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून. ती "सरी, मामा" एवढंच म्हणाली. म्हणजे बरं, ठीक आहे. त्या दिवसापासून तिनं आमच्या दुसऱ्या कोणत्या गिलासाला, तांब्याला, लोट्याला हात लावला नाही. बायकोला पाणी द्यायचं असलं की मला हाक मारायची, मामा, अत्तैला पाणी. मी भरून द्यायचो तेव्हा ती चमच्यानं पाजायची.

बायकोला हे समजायला वेळ लागला नाही. सून बाहेर कपडे वाळत घालत होती तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"तो गिलास काहून वेगळा ठेवला?"

"तिले आपल्या भांड्याचा विटाळ होते. वरून पिते ती. म्या पाहिलं."

"मीही पाहिलं. मंग?"

"मंग काय? मायले पाजत होते तसंच आहे हे."

बायको थोडी उठून बसली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, थांबून थांबून बोलली. "तुमच्या मायच्या ओंजळीत दुसरी बाई ओतत होती. ही स्वतःच्या तोंडात ओतते. एवढा फरक नाही समजत तुमाले?"

मी तिच्या पाठीमागं उशी लावली.

"आन् वेगळा गिलास तिनं मांगतला का तुमी देल्ला?"

"म्या देल्ला."

"मंग मालकीण कोन झालं?"

मी उठून बाहेर गेलो. मला राग आला होता, आणि राग आला की मी बाहेर जातो, ही माझी जुनी खोड. परत आलो तेव्हा तिनं पुन्हा काढलं. रोज काढायची. "मी आहे तवापर्यंत तो गिलास तिथून उचला. पोरगी मायासाठी येथं राहिली." कधी म्हणायची, "तिले एक वेळ विचारून तरी पाहा, तिचे मायबाप कोन आहेत." मी म्हणायचो, "तू बिमार आहेस, तुले ती गोड बोलून फसवून राहिली." ती डोळे मिटून घ्यायची. माझ्याशी बोलून उपयोग नाही, असं समजून मिटायची. हे आता समजते.

ती एका सकाळी गेली. मी मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेलो होतो. आलो तर सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, ओला कापूस ओठांवरून फिरवत. मला म्हणाली, "मामा, अत्तै गेली." रडत नव्हती. कापूस फिरवणं थांबवत नव्हती.

आमच्यात तेरवी नसते. जलदान असतं. भंतेजी येतात, पालीतली सुत्तं म्हणतात, आणि घरचे सगळे मिळून एका लोट्याला हात लावून समोरच्या भांड्यात पाणी सोडतात, भांडं भरून वाहेपर्यंत. ज्याचा हात लोट्यापर्यंत पोचत नाही तो पुढच्याच्या हाताला हात लावतो, म्हणजे धार सगळ्यांच्या हातून पडली असं होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं केलेलं पुण्य त्या पाण्यासोबत जातं.

जलदानाला घर भरलं होतं. मुलगा आला होता. माझी मोठी बहीण, भाचे, वस्तीतल्या बाया. भंतेजी म्हणाले, "घरचे पुढं या, लोट्याला हात लावा." मी लोटा धरला, मुलानं धरला, बहिणीनं हात लावला, भाच्यांनी लावला. भंतेजींनी बघितलं आणि विचारलं, "सूनबाई कुठं आहे?"

ती दाराशी उभी होती, हात मागं बांधून. मुलगा म्हणाला, "ये." ती आली नाही. मुलगा उठून तिच्याजवळ गेला आणि काहीतरी विचारलं. तिनं त्याला उत्तर दिलं, पण तिच्या भाषेत नाही दिलं. बायकोनं शिकवलेल्या मराठीत दिलं, सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"मामानं सांगतलं, तुमच्या भांड्याले हात नाही लावाचा. माया वेगळा आहे. तो आनू का?"

मुलानं माझ्याकडे बघितलं. भंतेजींनी डोळे खाली केले. माझी बहीण, जी त्याच काटोलच्या बागेत मायसोबत ओंजळ करून बसलेली, ती लोट्यावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "हे काय आयकून राहिली मी? आपल्या घरात वेगळं भांडं?" मग माझ्याकडे वळली. "काहून गा? कोनापासून शिकला?"

समोर बायकोचा फोटो, मागं बुद्धाची मूर्ती, आणि अख्खी वस्ती माझ्याकडे बघत. ऑटोवर झेंडा लावून फिरणारा मी. त्या क्षणी मला कोणी उचलून बाहेर टाकलं असतं तर बरं वाटलं असतं.

भंतेजीच म्हणाले, "ये माय, हात लाव." बहिणीनं हात लांब करून तिला ओढून घेतलं. सून आली, पण लोट्याला हात लावला नाही. बहिणीच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, फक्त दोन. सुत्त सुरू झालं आणि मी पाणी सोडलं. धार भांड्याच्या बाहेर जात होती. मुलानं माझा हात धरला नाही.

लोक गेल्यावर मुलगा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. सून ओटा पुसत होती. त्यानं फळीवरचा गिलास उचलून माझ्यापुढं धरला. "हे काय आहे, बाबा?"

मी सांगितलं. ती वरून पिते, लपून पिते, म्हणून.

"तिकडे सारेच वरून पिते," तो म्हणाला. "कारखान्यात एक बाटली पंधरा जनाईत फिरते. तोंड लावलं का उष्टी झाली, मंग दुसऱ्यानं कशी प्यावी? मागच्याचा विचार म्हणून वरून पिते. मीही तसाच पितो आता. मायं पानी पेनं कधी पाहिलंच नाही का तुमी?"

पाहिलं नव्हतं. सुनेचं मात्र रोज पाहत होतो.

सुनेनं हात धुतले, पदराला पुसले आणि वळली. "लपून नाही, मामा. अत्तैला तहान लागायची. तिचं पाणी बंद होतं. तिच्यासमोर मी कशी पिऊ?"

मी खाली बसलो. खुर्चीही बघितली नाही, जमिनीवरच बसलो.

मग तिनं बाकीचं सांगितलं. आवाज चढवला नाही. तिच्या अप्पाच्या, म्हणजे बापाच्या, गावात चहाचं दुकान होतं. बाकीच्यांसाठी गिलास आत. तिच्या बापासाठी आणि त्याच्या वस्तीसाठी गिलास बाहेर, पत्र्याखाली टांगलेला. प्यायचा, स्वतः धुवायचा, परत टांगायचा. एक दिवस बाप आतल्या बाकावर जाऊन बसला आणि आतला गिलास मागितला. त्याला मारलं. म्हणून त्यानं गाव सोडलं आणि शहरात येऊन सेंट्रिंगचं काम धरलं. ती शहरातच जन्मली, तिनं तसा गिलास कधी हातात धरला नव्हता.

"इथं धरला," ती म्हणाली.

"पोरी, मले वाटलं तू बामनाची आहे."

तिनं हातातला पदर सोडला. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे मी कोण, म्हणून दिला. पण भिंतीवर बुद्ध. मला काही समजेना. त्या दिवशी अप्पाला फोन केला. सांगितलं, इथं पण गिलास आहे. अप्पा म्हणाले, नॉर्थवाले सगळे असेच, आजच गाडीत बस. मी म्हटलं, अत्तै आहे."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. असू द्या म्हणाली नाही. मी वाट बघत होतो ती म्हणेल म्हणून, इतका निर्लज्ज.

मुलानं ठरवलं होतं की मी त्यांच्यासोबत राहायला जावं. एकट्यानं काय करता इथं, म्हणाला. सून तेव्हा म्हणाली, "आधी अप्पाला सांगा. तुम्ही सांगा, मी नाही सांगणार. त्यांना वाटते मी नॉर्थमध्ये फसले. काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा."

दुसऱ्या दिवशी, ते निघायच्या आधी, तिनं मोबाइलवर फोन लावला, चेहरा दिसतो तसला. समोर माझ्याच वयाचा माणूस, काळासावळा, डोक्यावर पांढरे केस, गळ्यात पंचा. कपाळावर पट्टा नव्हता, काहीच नव्हतं. मी पहिले त्याचं कपाळ बघितलं हे त्यालाही दिसलं असेल. मी हात जोडले. मी हिंदीत सांगत गेलो, सून तिच्या भाषेत सांगत गेली. मायची ओंजळ सांगितली, म्हातारा प्रवासी सांगितला, नवा गिलास सांगितला. मधे एकदा मी गोल फिरवायला लागलो तर सून म्हणाली, "मामा, सरळ सांगा." सरळ सांगितलं.

त्या माणसानं गळ्यातला पंचा काढून मांडीवर ठेवला. मागं त्याची बायको येऊन उभी राहिली. मग तो बोलला, पुष्कळ बोलला. आवाज मोठा नव्हता. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, जे बायको गेली तेव्हाही मी बघितलं नव्हतं.

"काय म्हनले?" मी विचारलं.

"म्हणतात, तुमच्या आईला पण वरून पाणी पाजलं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं हे आमच्याच गावात होतं. नॉर्थमध्ये सगळे मोठे लोकच राहतात, असं."

"आन् बाकी?"

"बाकी मी नाही सांगणार, मामा."

मी पुन्हा विचारलं नाही. जे नाही सांगितलं ते काय असेल, हे मी चौथी शिकलेला असलो तरी मला समजते. ते माझं आहे आणि मला ते मिळायलाच पाहिजे होतं.

स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो नाही. ऑटो कधीचाच विकला, आणि त्या दाराशी जायची मला लाज वाटत होती. घरातून निघताना मी सुनेला विचारलं, "पोरी, परत येशील का या घरात?"

तिनं बॅग उचलली. मुलानं ती तिच्या हातातून घेतली. ती उंबरठ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "वर्षाच्या पुण्यानुमोदनाला येईन. अत्तैसाठी." मग म्हणाली, "त्याच्या आधी नाही. आणि तुम्ही तिकडे कधी यायचं ते मी सांगेन."

वर्ष अजून भरायचं आहे. मुलगा फोन करतो, जेवलात का विचारतो. सुनेचा आवाज कधी मागून येतो, कधी नाही. मी फोन तिला दे म्हणत नाही. वस्तीतले काही जण म्हणतात, पोरगी जिद्दी आहे, मद्रासी असेच असते. मी त्यांना म्हणतो, मद्रासी कसे असते ते मले माहीत नाही, ते मले नका सांगू. ते हसतात. म्हातारा बायको गेल्यापासून फिरला, म्हणतात.

ती येणार आहे. पण माझ्या घरी येते असं म्हणाली नाही, अत्तैसाठी येते म्हणाली. या घरात तिच्या येण्याइतकं जे शिल्लक आहे, ते माझ्या बायकोनं कमावलेलं आहे. पलंगावर पडून, श्वास पुरत नसताना, तिनं ते कमावलं, आणि मी त्याच घरात फिरत होतो.